सुतारकामासाठी स्पिरिट लेव्हल घेताना: लांबी, अचूकता आणि दुकानातच करायची परीक्षा

चौकट बसली, बिजागऱ्या लागल्या, झडप लटकवली आणि हात सोडताच ती आपोआप उघडायला लागली, तर दोष बहुतेक वेळा लाकडाचा नसतो. चौकटीची बिजागरीकडची बाजू ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी नसते. आणि कित्येकदा मिस्त्रीने लेव्हल (द्रवातल्या बुडबुड्यावरून आडवं-उभं तपासायची पट्टी) लावलेली असते, बुडबुडा मधोमध आलेलाही असतो. लेव्हलच चुकीचं सांगत असते.

करवत बोथट झाली की हाताला कळतं. रंध्याची धार गेली की लाकूड ओरबाडलं जातं. लेव्हल बिघडली तर मात्र ती काहीच कळू देत नाही. म्हणून ही वस्तू नाव, रंग किंवा किंमत बघून नाही, तर दुकानात उभं राहून तपासून घ्यायची. कशी तपासायची ते पुढे सविस्तर सांगतो, पण त्याआधी लांबी ठरवावी लागते.

लांबी कामावरून ठरवा

दुकानात साधारण ९, १२, १८, २४, ३६ आणि ४८ इंची लेव्हल मिळतात. मागणी असेल तिथे सहा फुटी किंवा दोन मीटरचीही मिळते. नियम सोपा आहे: जे मोजायचंय त्याच्या लांबीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं चांगलं, पण लेव्हल त्या जागेत मावली पाहिजे.

लांब लेव्हल हवी, कारण लाकूड आणि भिंत कधीच तंतोतंत सरळ नसतात. सात फुटी चौकटीच्या उभ्या लाकडाला मध्ये थोडा बाक असेल आणि तुम्ही १२ इंची लेव्हल नेमकी त्या बाकावर धरली, तर ती फक्त त्या एका फुटाबद्दल बोलते. त्याच लाकडाला चार फुटी लेव्हल लावली तर वरखाली दोन टोकं टेकतात, मधला बाक फटीतून दिसतो आणि एकूण कल बरोबर कळतो. चौकटी, कपाटांच्या बाजू, पार्टिशनचे उभे सांगाडे यांना ४८ इंचीपेक्षा लहान लेव्हल वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

मावण्याचं गणित मात्र बरेच जण खरेदीच्या वेळी करत नाहीत. स्वयंपाकघरातलं ६०० मि.मी. रुंदीचं, ओट्याखालच्या कपाटाचं खोकं घ्या. दोन्ही बाजूंचं १८ मि.मी. प्लायवुड वजा केलं की आत ५६४ मि.मी. जागा उरते. २४ इंची लेव्हल ६१० मि.मी.ची, म्हणजे ती आत आडवी जाणारच नाही. ५०० मि.मी.च्या खोक्यात आतून ४६४ उरतात. तिथे १८ इंची, म्हणजे ४५७ मि.मी.ची लेव्हल कशीबशी बसते. मॉड्युलर किचनचं काम जास्त असेल तर तुम्ही करता त्या सर्वांत अरुंद खोक्याचं आतलं माप कागदावर लिहून घेऊनच दुकानात जा. फळ्या आणि ड्रॉवरचे चॅनल यांसाठी १२ इंची पुरते. ९ इंची खिशातली लेव्हल सोयीची आहे, पण तिच्यावर एखादी लांब ओळ आखायची नाही.

मीटरला अर्धा मिलिमीटर म्हणजे नक्की किती

चांगल्या लेव्हलवर किंवा तिच्या वेष्टनावर अचूकता लिहिलेली असते: मीटरला ०.५ मि.मी. किंवा मीटरला १ मि.मी. हाच आकडा अंशांत ०.०२९ असाही छापलेला दिसतो. तो मीटरला अर्ध्या मिलिमीटरइतकाच. नाशिकच्या टपारियासारख्या एकाच कंपनीच्या यादीत दोन्ही दर्जांच्या लेव्हल असतात, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव सांगून मागू नका. आकडा सांगून मागा.

आता हा आकडा कामात कुठे दिसतो ते पाहू. दहा फुटी, म्हणजे साधारण तीन मीटरच्या ओट्याखालची खोकी एका रेषेत लावताना मीटरला ०.५ ची लेव्हल जास्तीत जास्त दीड मिलिमीटर फसवेल. मीटरला १ ची तीन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग). ग्रॅनाइट वर बसताना एक सूत फट पडली तर ती लपत नाही. सात फुटी चौकटीत हाच फरक एक मिलिमीटर आणि दोन मिलिमीटर असा येतो.

कपाटात गोष्ट आणखी बिघडते, कारण तिथे लहान पायावर मोठी उंची उभी असते. ६०० मि.मी. खोलीच्या कपाटाचा तळ पुढे-मागे फक्त १ मि.मी. कलला, तर २१०० मि.मी. उंचीवर माथा साडेतीन मिलिमीटर बाहेर जातो. दोन कपाटं शेजारी लावल्यावर वरच्या कडा जुळत नाहीत त्या यामुळे.

सुतारकामासाठी मीटरला ०.५ मि.मी. हाच आकडा धरा. याहून बारीक, मीटरला ०.०२ मि.मी.पर्यंतच्या लेव्हल असतात, पण त्या लेथसारखी यंत्रं बसवण्यासाठी. लाकडावर त्यांचा बुडबुडा थांबतच नाही आणि पैसे वाया जातात. ज्या लेव्हलवर अचूकतेचा आकडाच नाही ती चौकटीच्या कामाला घेऊ नका.

दुकानातली परीक्षा

सोबत पेन्सिल, मास्किंग टेपचा तुकडा, साध्या छपाईच्या कागदाचे दहाएक कापलेले तुकडे आणि कोणतंही एटीएम कार्ड न्या. झेरॉक्सला वापरतात त्या ८० जीएसएमच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मि.मी. असते आणि बँकेचं कार्ड ०.७६ मि.मी. जाड असतं. एवढ्यावर काम होतं.

पहिली परीक्षा आडव्या कुपीची, म्हणजे बुडबुडा असलेल्या आडव्या नळीची. काउंटरवर, शक्यतो जाड काचेवर, लेव्हल ठेवा. काउंटर समतल असण्याची गरज नाही. लेव्हलच्या दोन्ही टोकांशी टेपवर खूण करा. बुडबुडा थांबू द्या, समोरून सरळ डोळ्यांनी पाहा आणि तो कुपीवरच्या दोन रेघांच्या मध्ये नेमका कुठे आहे ते लक्षात ठेवा. आता लेव्हल उचलून टोकांची अदलाबदल करा: डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे, तळ खालीच. त्याच खुणांवर ठेवा. आधी बुडबुडा तुमच्या डावीकडे केसभर सरकलेला असेल, तर आताही तुमच्या डावीकडेच आणि तितकाच सरकलेला दिसला पाहिजे. तसा दिसला तर लेव्हल खरी. काउंटर कललेला आहे एवढंच. आता बुडबुडा उजवीकडे गेला किंवा सरकण्याचं प्रमाण बदललं, तर लेव्हल खोटी.

किती खोटी, तेही काढता येतं. पहिल्या स्थितीत एका टोकाखाली कागदाचे तुकडे सरकवत बुडबुडा बरोबर मध्यावर आणा. कागद जागेवरच ठेवून लेव्हल फिरवा. बुडबुडा हलला तर खाली गेलेल्या टोकाखाली आणखी कागद घाला, तो पुन्हा मध्यावर येईपर्यंत. हे नंतर घातलेले कागद मोजा आणि निम्मे करा. २४ इंची लेव्हलला सहा कागद जास्त लागले, तर ०.६ मि.मी.चे निम्मे, म्हणजे ०.३ मि.मी. चूक ६० से.मी.त आहे, मीटरला ०.५. ही लेव्हल जेमतेम उत्तीर्ण. यापेक्षा जास्त कागद लागले तर परत द्या. निम्मं करायचं कारण असं की फिरवल्यावर तीच चूक उलट दिशेने मोजली जाते, म्हणून दोन वाचनांतला फरक मूळ चुकीच्या दुप्पट दिसतो.

दुसरी परीक्षा उभ्या कुपीची, आणि सुतारासाठी ती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. दुकानात लेव्हल आडवी ठेवून बघणारे पुष्कळ दिसतात, उभी धरून बघणारा क्वचित. चौकटी बिघडतात त्या याच कुपीमुळे. भिंतीवर मास्किंग टेपची उभी पट्टी लावा. लेव्हलची सपाट बाजू भिंतीला टेकवून ती उभी धरा, बुडबुडा मध्यावर आणा आणि तळाच्या कडेला लागून पेन्सिलने रेघ मारा. आता लेव्हल पान उलटावं तशी फिरवा: वरचं टोक वरच राहील, पण आतापर्यंत तुमच्याकडे असलेली बाजू भिंतीकडे जाईल आणि तळाची कड रेघेच्या दुसऱ्या अंगाला येईल. तीच कड त्याच रेघेला लावा. बुडबुडा पुन्हा मध्यावर आला पाहिजे. लेव्हलला दोन उभ्या कुप्या असतील तर दोन्ही अशाच तपासा. एक खरी आणि एक खोटी निघणं अजिबात दुर्मिळ नाही.

तिसरी परीक्षा संवेदनशीलतेची. काही लेव्हल दोन्ही बाजूंनी सारखंच वाचन देतात, कारण त्यांचा बुडबुडा लहान फरकाला हलतच नाही. २४ इंची लेव्हल मध्यावर आणा आणि एका टोकाखाली तीन कागद घाला. कल मीटरला ०.५ झाला. लक्ष देऊन पाहणाऱ्याला बुडबुडा सरकलेला दिसला पाहिजे. मग कागद काढून कार्ड घाला. आता कल मीटरला सव्वा मिलिमीटर आहे. इथे बुडबुडा स्पष्ट हलला नाही तर ती लेव्हल फोटोफ्रेम लावायला ठीक, सुतारकामाला नाही.

यामागचं कारण कुपीच्या घडणीत आहे. कुपी आतून सरळ नसते, मध्ये किंचित फुगीर असते. हा फुगीरपणा जितका मंद, तितका बुडबुडा थोड्या कलालाही जास्त सरकतो. स्वस्त कुपीत वक्र जास्त असतो. बुडबुडा चटकन मध्यावर स्थिरावतो आणि काम झाल्यासारखं वाटतं.

चौथी परीक्षा तळाची. लेव्हल काचेवर ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि तळाखालून प्रकाश झिरपतो का पाहा. मध्ये किंवा टोकाला एखादा कागद सहज शिरत असेल तर तळ सरळ नाही. नंतर एक डोळा मिटून लेव्हलच्या लांबीवरून नजर टाका. समोरची कड आणि मागची कड एकमेकींना समांतर नसतील तर अंगाला पीळ आहे. पीळ असलेली लेव्हल कशानेही दुरुस्त होत नाही.

दुकानदार कुरकुरला तर शांतपणे सांगा की पाच मिनिटं लागतील. त्याच नावाच्या तीन-चार लेव्हल काढायला सांगा आणि त्यांतली सर्वांत चांगली निवडा. ऑनलाइन मागवली असेल तर पाकीट उघडल्या दिवशीच या चारही परीक्षा करा, परत करायची मुदत संपण्याआधी.

कुपी आणि अंग

जुन्या पद्धतीची कुपी म्हणजे वाकवलेली काचेची नळी. ती फक्त सुलट वाचते. उलटी धरली की बुडबुडा टोकाला पळतो. आज चांगल्या लेव्हलमध्ये अ‍ॅक्रिलिकची, आतून पिंपासारखी दोन्हीकडे फुगीर केलेली कुपी असते, ती सुलट-उलट दोन्ही वाचते. पोटमाळ्याची खालची बाजू, फॉल्स सीलिंगचा सांगाडा, भिंतीवरच्या कपाटाचा तळ अशा कामांत लेव्हल खालून वर टेकवावी लागते, म्हणून हा गुण महत्त्वाचा. मात्र उलट्या वाचनाची अचूकता वेष्टनावर वेगळी दिलेली असते आणि ती अनेकदा थोडी कमी, मीटरला ०.७५ मि.मी. असते.

आतला द्रव पाणी नसतो, सहसा स्पिरिटसारखा असतो, त्यामुळे बुडबुडा मोकळा फिरतो. उन्हात द्रव प्रसरण पावतो आणि बुडबुडा आखूड होतो; थंडीत तो लांबतो. म्हणून बुडबुडा रेघांना टेकला का हे पाहू नका, दोन्ही बाजूंना उरलेली जागा सारखी आहे का ते पाहा. मुख्य बुडबुड्याशेजारी बारीक फुगे दिसत असतील किंवा तो नेहमीपेक्षा खूप मोठा झाला असेल तर द्रव गळतोय असं समजा.

कुपी स्क्रूने फिरवता येणारी की कायमची घट्ट बसवलेली? स्क्रूची असेल तर बिघडल्यावर पुन्हा खरी करता येते: वर सांगितलं तसं फिरवून पाहायचं आणि फरकाच्या निम्मं स्क्रूने सरकवायचं. पण रोज टेम्पोत आणि दुचाकीवर आदळणाऱ्या हत्याराचे स्क्रू सैल होतात. साइटवरच्या कामाला मी घट्ट बसवलेलीच घ्यायला सांगेन. वर्कशॉपमध्ये एका जागी राहणारी लेव्हल स्क्रूची चालेल.

अंगाचे दोन मुख्य प्रकार. इंग्रजी आय (I) आकाराच्या छेदाची लेव्हल हलकी आणि स्वस्त असते, हातात चांगली धरता येते. चौकोनी पोकळ पेटीसारखी जास्त ताठ असते आणि पिळाला कितीतरी चांगली टिकते. दोन फुटांपर्यंत आय चालेल, त्यापुढे पेटीचीच घ्या. तळ मशिनवर घासून सपाट केलेला आहे का ते विचारा. नुसता साच्यातून निघालेला, वर रंग मारलेला तळ आणि घासलेला उघडा धातू यांत फरक बोटालाही कळतो. टोकांची रबरी टोपणं काढता येत असतील तर उत्तम: लेव्हल पडली की धक्का ती खातात आणि ती काढल्यावर लेव्हल कोपऱ्यात पूर्ण भिडते.

सागवान किंवा शिसवीच्या, पितळी पट्टीच्या जुन्या लेव्हल देखण्या असतात आणि काही घरांत आजोबांच्या पेटीत अजून सापडतात. त्या जपाव्यात. पण कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं आणि उन्हाळ्यात सोडतं, त्यामुळे तिच्यावर काम करायचं तर दर मोसमात वरची परीक्षा घ्यावी लागते.

चुंबक, डिजिटल आणि लेझर

चुंबकाची लेव्हल लोखंडी चौकट, ग्रिल किंवा एमएसच्या (साध्या पोलादाच्या) सांगाड्यावर हात मोकळे ठेवते. प्लायवुड, सागवान आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनवर तिचा काही उपयोग नाही. उलट ड्रिलचा कीस आणि स्क्रूचे तुकडे तळाला चिकटून बसतात. लोखंडाचं काम नसेल तर हा खर्च टाळा.

डिजिटल लेव्हलचे आकडे भुलवतात. ०.१ अंश फार बारीक वाटतं, पण ते मीटरला पावणेदोन मिलिमीटर होतात, म्हणजे साध्या चांगल्या बुडबुड्याच्या साडेतीन पट चूक. घ्यायचीच असेल तर ० आणि ९० अंशांवरची अचूकता वेगळी दिलेली असते ती वाचा. ०.०५ अंश म्हणजे मीटरला जवळजवळ ०.९ मि.मी. जिन्याचा कठडा किंवा उतरतं छप्पर, जिथे विशिष्ट कोन हवा असतो, तिथे ती खरी उपयोगी. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर चौकट बसवू नका. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे मोबाइल सपाट टेकतच नाही.

लाईन लेझर आता पुष्कळ साइटवर दिसतो. चांगल्याची अचूकता मीटरला ०.३ मि.मी.च्या आसपास असते आणि खोलीभर एकच रेषा मिळते, हे मोठं सुख आहे. पण खोकं प्रत्यक्ष बसवताना, पाचर ठोकताना, झडप जुळवताना हातात लेव्हलच लागते. आणि दोन खोल्यांत एकच पातळी न्यायची तर पाण्याची पारदर्शक लेव्हल पाईप अजूनही हरत नाही. तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले नसावेत आणि दोन्ही तोंडं उघडी असावीत, एवढंच पाहा.

मग कोणत्या घ्यायच्या

एकच घ्यायची असेल तर २४ इंची, मीटरला ०.५ मि.मी.ची, घट्ट कुपीची. जमलं की लगेच दुसरी ४८ इंची, पेटीच्या अंगाची, आणि खर्च तिच्यावर करा. तिसरी १२ इंची, खोक्यांच्या आतल्या कामाला. पाच स्वस्त लेव्हलच्या संचापेक्षा या तीन कितीतरी बऱ्या. टपारिया, फ्रीमन्स, स्टॅनली ही नावं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जर्मनीची स्टॅबिला, ऑस्ट्रियाची सोला किंवा इस्रायलची काप्रो महाग पडते. रोज चौकटी आणि मोठी कपाटं लावणाऱ्याला ती परवडावी असं मला वाटतं. घरातल्या किरकोळ कामांना नाही. नाव कोणतंही असो, परीक्षा सुटत नाही.

घेतल्यानंतर

तळ रोज पुसा. फेव्हिकॉलचा वाळलेला थेंब ०.३ मि.मी. जाडीचा असला तरी २४ इंची लेव्हल मीटरला अर्ध्या मिलिमीटरने बिघडते, म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेली सगळी अचूकता त्या थेंबात जाते. स्कूटरच्या डिकीतून काढलेली तापलेली लेव्हल सावलीत थोडा वेळ ठेवून मग वापरा. तिच्याने ठोकू नका, तिच्यावर उभं राहू नका, आणि ती भिंतीला तिरकी टेकवून ठेवण्यापेक्षा खिळ्याला टांगा. पडली की लगेच, नाहीतर महिन्यातून एकदा, फिरवून परीक्षा घ्या.

साइटवर मधेच लेव्हल खोटी निघाली आणि दुसरी हाताशी नसली तरी काम थांबत नाही. भिंतीवर एक खूण ठरवा, तिथून लेव्हलने बुडबुडा मध्यावर आणून दुसऱ्या टोकाला खूण करा. लेव्हलची टोकं बदला, पहिल्या खुणेपासूनच पुन्हा बुडबुडा मध्यावर आणा आणि दुसऱ्या टोकाला नवी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर बिंदू घ्या. तो बिंदू आणि पहिली खूण एका पातळीत असतात, लेव्हल कितीही बिघडलेली असली तरी. उभ्या रेषेलाही हेच: खालचा बिंदू एकच ठेवून लेव्हल पान उलटल्यासारखी फिरवा, वरच्या दोन खुणांचा मध्य घ्या.